जे पाहिलंच नाही, ते गूढ नव्हे

शालूताई गेल्या, हे कळलं तेव्हा मी सातवीच्या वर्गात निबंध तपासत होते. मुख्याध्यापक दारातूनच म्हणाले, "बाई, वानखडे मॅडम गेल्या. सकाळीच." त्याला आता दीड महिना होईल. रडू तेव्हाही फारसं आलं नाही. आला तो संताप, आणि तो अजून उतरलेला नाही. शोकसभेत एका वक्त्याने आवाज कातर करून सांगितलं, "मृत्यू हे शेवटी एक गूढच आहे!" मी उठून बाहेर आले. जी बाई आयुष्यभर या शब्दाशी भांडली, तिच्याच फोटोसमोर तोच शब्द...

शालूताई वानखडे आमच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या आणि मी मराठी. फुलसावंगीहून शाळेच्या गावापर्यंत अठरा वर्षं आम्ही एकाच एसटीने जात-येत होतो. माहेर-सासर दोन्हीकडे कापूस आणि तूर, त्यामुळे वर्गाबाहेर त्यांची बोली शेतातली. एकदा प्रवासात मी सहज विचारलं होतं, "ताई, माणसाला हे विश्व कधी पूर्ण कळेल का हो?" त्या म्हणाल्या, "पूर्ण? मले नाही वाटत. पण कळलं तेही काय कमी हाये? सूर्यावर कोनी गेलं नाही, तरी निस्त्या उजेडावरून सांगतलं का तिथं कोनते वायू हायेत. जे उरलं ते खरं गूढ. त्याच्यापुढं हात जोडाले मले लाज नाही वाटत."

मग ते फवारणीचं वर्ष आलं. कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती आणि माणसं त्या झाडांत शिरून कीटकनाशकाचे पंप मारत होती. एकामागून एक आजारी पडू लागली. उलट्या, घाम, डोळ्यांपुढे धुकं. आमच्या शाळेच्या शिपायाचा भाऊ दत्ता त्यातच गेला. गावात कोणी बाहेरची बाधा म्हणालं, कोणी पाण्याचा दोष. चौकशीला आलेले साहेब म्हणाले, कारण गूढ आहे.

शालूताई शाळा सुटली की घरोघर जायच्या. कोणतं औषध कशात मिसळलं, वारा कुठून होता, झाड किती उंच होतं, अंगावर काय होतं, सारं विचारून वहीत लिहायच्या. महिनाभरात त्यांना जे दिसलं ते कोणालाही दिसलं असतं. वाऱ्याच्या तोंडावर चालणारे, औषधं एकत्र कालवणारे आणि फवारा थेट तोंडावर येईल एवढ्या उंच कपाशीत शिरलेले, हेच लोक पडले होते.

चौकशीच्या बैठकीला त्यांनी मला सोबत नेलं. साहेबांनी वही उघडलीसुद्धा नाही. "मॅडम, तुम्ही शाळा सांभाळा. हे तज्ज्ञांचं काम आहे. प्रकरण गूढ आहे."

शालूताई उभ्याच होत्या. त्यांचा आवाज चढला नाही. "गूढ त्याले म्हनतात साहेब, जे पाहूनही कळत नाही. तुमी तर पाह्यलंच नाही. तिकडं सूर्याच्या पोटातलं कळते मानसाले, अन् इथं दोन कोसावरच्या वावरात काय झालं ते कळत नाही?"

वही दप्तरी लागलीच नाही. दुसऱ्या वर्षी त्यांनी आमच्या गावात दारोदार जाऊन सांगितलं: वाऱ्याकडे पाठ करा, तोंड बांधा, औषधं कालवू नका. त्या हंगामात आमच्या गावचं कोणी दवाखान्यात गेलं नाही. त्याची बातमी झाली नाही.

आणि त्यांचं स्वतःचं काय झालं? गेल्या त्याच्या आदल्या दिवशी दुपारी छातीत दुखू लागलं, डावा हात जड झाला. भाचीने त्यांना तालुक्याच्या एका दवाखान्यात नेलं. ईसीजीचं यंत्र कोपऱ्यात कापडाखाली झाकलेलं होतं. "त्याचा कागद संपला आहे," असं सांगून पित्ताची गोळी दिली आणि घरी पाठवलं. भाची सांगते, बाहेर येताना त्या म्हणाल्या, "काहून संपला, हे तरी विचारायचं होतं वं." सकाळी उठल्याच नाहीत. यात गूढ काय आहे? एक कागदाचं भेंडोळं नव्हतं, आणि ते नाही याची कोणाला लाज नव्हती.

परवा प्रयोगशाळेत गेले. वर्गात कोणी प्रश्न विचारला आणि त्याचं उत्तर त्यांना येत नसलं, की शालूताई तिथल्या फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात तो लिहून भोवती चौकट आखायच्या. कधी कधी वर्षभर तो तिथेच असायचा. शेवटचा होता, 'सगळ्याच्या आधी काय होतं?' नव्या सरांनी साफसफाईत फळा पुसून घेतला होता. मी तो कोपरा पाहत उभी असताना सातवीतली एक मुलगी मागे येऊन थांबली.

"बाई, त्याचं उत्तर सापडलं का?"

"नाही गं."

ती माझ्याकडे रागाने पाहत राहिली. "मंग पुसलं कायले?"

मी तिच्या हातात खडू दिला.