खिंडीतली म्हातारी

ती जाडजूड कादंबरी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. शाप लागलेला राजपुत्र, बोलणारी नदी, डोंगरापलीकडचं हरवलेलं राज्य, असा सगळा मामला. इंग्रजीतून. आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. आई-बाप बीदरकडून शेती सोडून हैदराबादला आलेले, मी सातवीपर्यंत मराठी शाळेत, मग इंग्रजी माध्यमात ढकललेली. त्या पुस्तकाची सहाशे पानं मी पार केली याचा मला पदवीपेक्षा जास्त अभिमान होता. तो मी लपवलाही नाही कधी.

चिक्कडपल्लीच्या आमच्या दोन खोल्यांत आई साड्यांना फॉल लावायची. आजही लावते. मी दुपारी कॉलेजातून आले की तिच्यासमोर बसून पुस्तकातलं त्या दिवशीचं प्रकरण मराठीत सांगायचे. आईला सहीपुरतंच लिहिता येतं. पण श्रावणात आमच्याकडे पोथी लागते, ती दुसऱ्यानं वाचायची आणि आईनं ऐकायची, हे तिच्या लहानपणापासून चालू. पोथीचा नियम असा की अध्याय अर्धा सोडायचा नाही. तोच नियम तिनं माझ्या कादंबरीला लावला. एकदा प्रकरण सुरू केलं की संपल्याशिवाय मला उठू द्यायची नाही. चहासुद्धा नाही.

आता माझी अडचण सांगते. मधेच एक प्रकरण आलं, राजपुत्र बर्फाच्या खिंडीतून जातो ते. भाषा जुनाट, वाक्यं अर्ध्या अर्ध्या पानाची. डिक्शनरी घेऊन बसले तरी काही हाती लागेना. चौदा पानांतलं मला एवढंच कळलं की तो एका बाजूनं आत शिरतो आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर पडतो.

"मग खिंडीत काय झालं?" आईनं सुईत दोरा ओवत विचारलं.

मला समजलं नाही, एवढं म्हणायचं होतं. पण माझ्या पोरीला इंग्रजी येतं म्हणून ती गल्लीभर सांगत फिरायची. मी म्हणाले, "तिथं त्याला एक म्हातारी भेटते."

आणि मग सुचत गेलं. शाप असा होता की राजपुत्राला कुणीच ओळखणार नाही. तर ही म्हातारी त्याला कोण, कुठला, असं विचारतच नाही. चुलीपाशी बसवते, गरम भाकरी देते, आणि म्हणते, "जेवायला बसलेल्याला नाव विचारू नये."

आईची सुई थांबली. "शहाणी बाई हाय," ती म्हणाली.

त्यानंतर पंचाईत झाली. आई रोज विचारायची, त्या म्हातारीचं पुढं काय झालं. म्हणून पुढच्या प्रकरणांत मी तिला आणखी तीनदा आणली. शेवटच्या लढाईच्या आधी ती राजपुत्राला निरोपही देऊन गेली. आईनं ही गोष्ट मावशीला सांगितली, साड्या घेऊन येणाऱ्या बायांना सांगितली. घरात कुणी पाहुणा जेवायला बसला की म्हणायची, माझ्या पोरीच्या पुस्तकात लिहिलंय बघा.

त्या खिंडीकडे मी पुन्हा कधी वळले नाही. पुढं मला नोकरी लागली, इंग्रजी सुधारलं, त्या लेखकाची बाकीची पुस्तकंही वाचून झाली. ऑफिसमध्ये त्या पुस्तकाचे वेडे आम्ही पाच जण, आणि आमच्यात माझा आवाज मोठा. सिनेमा येणार म्हटल्यावर तो यायच्या आधीच मी ग्रुपवर लिहिलं होतं, हे लोक वाट लावणार, पुस्तक वाचलेल्यांनाच ते कळेल.

रविवारी सकाळच्या शोला आम्ही सगळे कुकटपल्लीच्या मल्टिप्लेक्समध्ये गेलो. तेलुगू डबिंगचा शो मीच निवडला, कारण आईला बरोबर नेणार होते. तिनं ठेवणीतली साडी नेसली. आत बसल्यावर मी तिच्या कानाशी लागून तक्रारी करत होते. नदीचा आवाज असा नाही, मुकुट तसा नाही. ती नुसती हूं हूं करत होती. बर्फ दिसायला लागलं तशी पुढं सरकून बसली.

राजपुत्र एकटाच खिंडीतून चालत गेला. वारा, पांढरं धुकं, बाकी काही नाही. मग खिंड संपली.

"म्हातारी कुठं गेली गं?" आईनं विचारलं.

"कापलं असेल," मी म्हणाले.

पिक्चर सुटल्यावर आम्ही बाहेर उभे होतो. आमच्यातला एक सिनियर पुण्याचा आहे. मराठी स्वच्छ, वागायला चांगला माणूस, आणि त्या पुस्तकातला खरा जाणकार. त्यानं आईला विचारलं, "काय काकू, कसा वाटला?"

"चांगला हाय की. पण त्या म्हातारीला काढायला नको होतं."

"कोणती म्हातारी?"

"खिंडीतली. भाकरी देते ती. तुम्ही पुस्तक वाचलं नाही का?"

तो हसला. "काकू, माझं चारदा वाचून झालंय."

"मग इसरला असाल. आमच्या पोरीला सगळं तोंडपाठ हाय, तिला विचारा."

"नाही हो काकू, खिंडीत त्याला कुणीच भेटत नाही. तेच तर आहे ना त्या प्रकरणात. त्याला कुणी ओळखत नाही, आणि तिथं तर ओळखायलाही कुणी नाही."

म्हणजे चौदा पानांत हे होतं. मला ते तिथं, पॉपकॉर्नच्या स्टॉलपाशी, पहिल्यांदा कळलं. सगळे माझ्याकडे बघत होते. एक वाक्य पुरलं असतं. ती म्हातारी मी घातली, एवढंच. ते सोडून मी काय म्हणाले ते लिहिते, कारण लिहिलं नाही तर बाकीच्याला अर्थ नाही.

मी म्हणाले, "तिचं होतं असं. वाचता येत नाही ना. पोथीतलं आणि पुस्तकातलं एकत्र करते."

आईनं माझ्याकडे बघितलं. मग पर्स या हातातून त्या हातात घेतली आणि पुण्याच्या त्या माणसाला म्हणाली, "हौ, मीच मिसळलं असंल. अडाणी माणूस."

बसमध्ये आम्हाला जागा मिळाली. आईनं तिकिटं पर्समध्ये नीट ठेवली. मग खिडकीकडे बघत म्हणाली, "पोथी मला पाठ हाय. तिच्यात भाकरी देणारी म्हातारी नाही."

मी सगळं सांगितलं. चौदा पानं, डिक्शनरी, सगळं. तिनं मधे तोडलं नाही. शेवटी विचारलं, "आणखी काय काय तुझं होतं?" मी आठवून आठवून सांगत गेले. दोन-तीन ठिकाणी मलाच आठवेना, पुस्तकातलं कुठलं आणि माझं कुठलं.

"आणि कागद वाचतीस ते?" ती म्हणाली. "बँकेचे. डॉक्टरनं लिहिलेले."

"ते खरं वाचते, आई."

"मला कसं कळायचं?"

ती रागावून विचारत नव्हती. तिला खरंच उत्तर हवं होतं. घरातला प्रत्येक कागद मीच वाचते.

सोमवारी मी त्या सिनियरला गाठून खरं सांगितलं, आईनं काही मिसळलं नव्हतं, खोटं मी बोलले. तो म्हणाला, "अगं, भारी आहे की ही म्हातारी. लेखकाला सुचायला हवी होती." त्याच्या दृष्टीनं विषय संपला. घरी येऊन आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "बरं केलंस." हातातली साडी तिनं खाली ठेवली नाही.

गेल्या आठवड्यात तिला डॉक्टरकडे नेलं होतं. बीपीची गोळी बदलून दिली. सकाळी एक, जेवणानंतर, असं मी चिठ्ठीवरचं वाचून सांगितलं. तिनं चिठ्ठी माझ्याकडून घेतली, चपला घातल्या आणि कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेली. मी गॅलरीतून बघत होते. दुकानदारापुढं तिनं ती चिठ्ठी धरली. तो बोट ठेवून वाचत होता आणि ती प्रत्येक शब्दाला मान हलवत होती.

परत येऊन तिनं चिठ्ठी माझ्या हातात दिली. "तेच म्हणाला तो," ती म्हणाली, आणि पाणी प्यायला आत गेली.