तळघरातली फरशी कशी तापवायची

स्टुटगार्टमध्ये उतारावरचं घर घेतलं, तेव्हा तळघरातलं बाथरूम सासूसासऱ्यांसाठी नीट करायचं ठरलं. तिथली फरशी इतकी गार असायची की आई लोकरी मोजे घालून आंघोळीला जायच्या आणि ते ओले करून परत यायच्या. फरशी खालून तापवायची यावर घरात एकमत होतं. कशी, यावर नव्हतं.

नवऱ्याला गरम पाण्याच्या नळ्या हव्या होत्या. त्यासाठी त्याने अकरा रकान्यांचा तक्ता केला होता, तो कुणीच वाचला नाही. हीटिंगच्या कारागिराने विजेची पातळ जाळी सुचवली. बाबा वीज खात्यातून निवृत्त झालेले, म्हणजे ते विजेचीच बाजू घेणार असं मला वाटलं.

"ओल्या फरशीखाली वीज?" बाबा म्हणाले. "अगं, असलं काही करू नका म्हणून लोकांना सांगण्यात माझी अख्खी नोकरी गेली!"

कारागीर मितभाषी होता. मी जर्मनमध्ये सांगितल्यावर त्याने वाद घातला नाही. नळ्यांमुळे फरशी जेवढी वर येणार, तेवढ्या उंचीला फळ्या रचल्या आणि बाबांना त्यावर उभं राहायची खूण केली. बाबा चांगले सहा फुटी. चढले, आणि डोकं थेट छताखालच्या पाइपवर आपटलं.

"अहो, लागलं का?" आईंनी दारातून विचारलं.

"मला कशाला लागेल? छतच खाली आहे," बाबा टाळू चोळत म्हणाले.

नळ्यांचा प्रश्न तिथेच मिटला. पण बाबा सहज मानणारे नव्हते. "त्याला विचार, करंट गळला तर वीज तोडणारा ब्रेकर आहे का?" ते मला म्हणाले. मी विचारलं. कारागिराने बोर्ड उघडून दाखवला. मग त्याने जाळीला मीटर लावला, तर बाबांनी सुटकेसमधून स्वतःचा पुण्याहून आणलेला मीटर काढला. दोन्हींवर एकच आकडा आला.

"गेनाऊ," कारागीर म्हणाला, म्हणजे अगदी बरोबर.

"गेनाऊ," बाबाही म्हणाले. त्यांचा हा पहिला जर्मन शब्द. फरशा बसल्यावर दोघांनी पुन्हा मोजलं आणि एकमेकांचे हात जोरजोरात हलवले.

जाळी सुरू झाली त्या सकाळी बाबा वर्तमानपत्र घेऊन आत गेले. पाऊण तास झाला तरी बाहेर येईनात. शेवटी आईंनी टॉवेल खांद्यावर टाकून दार वाजवलं.

"अहो, मला आंघोळ करायचीय!"

"थांब," आतून आवाज आला, "अजून तपासतोय."