नाव कमी करण्याचा अर्ज

“बारुदीत हात घालतीस ते ठीक हाय. पोरीच्या डोस्क्यातबी बारूद भरलीस व्हय गं?”

कॉलेजच्या संस्थेचे अध्यक्ष माझ्या आईला असं म्हणाले आणि क्लार्क हसला. आई उभीच होती. समोर दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. बसा, असं कुणी म्हणालं नाही. आई तेरखेड्याला फटाक्यांच्या कारखान्यात वाती बसवते. तिच्या नखांतला काळा रंग साबणानं निघत नाही. तिनं हात पदराखाली घेतले.

मी तेव्हा अकरावीला होते. आमच्या बौद्ध वस्तीतून सायन्सला गेलेली पहिलीच.

मला हे नीट सांगता येईल का, माहीत नाही. त्या वर्षी वर्गात कुणीतरी मागून माझं नाव घ्यायचं. वळून बघितलं की कुणी नसायचं. मुली कुजबुजल्या की माझ्याविषयीच, असं वाटायचं. डबा उघडावासा वाटेना. मार्क घसरले. शेवटी आईला सांगितलं. आईनं कामावर खाडा केला आणि मला धाराशिवच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, “आजार झालेला नाही. पण होऊ शकतो, म्हणून दर महिन्याला यायचं. झोप, जेवण, मैत्रिणी सोडायच्या नाहीत. आणि कॉलेज तर अजिबात सोडायचं नाही.” आवाज आला तर समोरच्याचे ओठ बघायचे, हेही त्यांनीच शिकवलं.

पुढची चूक माझी. पुरावा जोडल्याशिवाय अर्ज खरा मानत नाहीत, हे आमच्या घरात पक्कं बसलंय. जातीचा, उत्पन्नाचा, रहिवासाचा दाखला; आम्ही जन्मभर झेरॉक्स जोडत आलो. म्हणून एका दिवसाच्या रजेच्या अर्जालाही मी दवाखान्याच्या केसपेपरची झेरॉक्स जोडली. वर ठळक अक्षरांत होतं: मानसोपचार विभाग.

दुपारपर्यंत ती झेरॉक्स स्टाफरूमभर फिरली. दुसऱ्या दिवशी माझ्या बाकावर कुणी बसेना.

“लांब बस, चावंल ती,” एक मुलगा म्हणाला. वर्ग हसला. मीही थोडी हसले. त्याची लाज मला अजून वाटते.

आठवड्यानं आईला बोलावणं आलं.

अध्यक्षांनी एक टाइप केलेला कागद पुढं सरकवला. “इथं सही कर. दाखला लगीच देतो. पोरीला घरी ठिव, लगीन लावून दे. आमच्या संस्थेचं नाव खराब व्हायला नको.”

आईला सहीपुरतंच लिहिता येतं. तिनं पेन उचललं. मग माझ्याकडं वळून म्हणाली, “वाच की गं, काय लिव्हलंय?”

मी मोठ्यानं वाचलं. “माझी मुलगी वेडसर असल्याने तिचे नाव मी स्वखुशीने कमी करून घेत आहे.”

तेवढ्यात आवाज आला. “कर सही. कर.”

हा आवाज खोलीतला की डोक्यातला? मी अध्यक्षांचे ओठ बघितले. हलत होते.

आवाज खरा होता. वर्षभर मी माझ्याच डोक्याला भीत होते. आणि मला वर्गातून काढू बघणारा हा माणूस तर समोर बसला होता. तोंड होतं त्याला. शिक्का होता त्याच्याकडं.

“सही नको करू, आई.”

“काय म्हनलीस?” अध्यक्षांनी विचारलं.

“सर, नाव तुम्हाला कमी करायचंय. मग अर्ज आईच्या नावानं कशाला? कारण तुमच्या हातानं लिहा. खाली तुमची सही, शिक्का. आम्ही तो कागद घेऊन जातो.”

“कुठं जाशील गं?”

“विचारत विचारत जाऊ.”

अध्यक्षांनी कागद ओढून घेतला. “बघा! डोस्कं फिरलंय पोरीचं.”

आईनं पेन टेबलावर ठेवलं. म्हणाली, “फिरलं आसंल जी. पर वाचता येतंय तिला.”

शिक्क्याचा कागद त्यांनी शेवटपर्यंत दिला नाही. माझं नाव हजेरीत राहिलं. बारावी होईपर्यंत मी बाकावर एकटी बसले.

बारावीनंतर सायन्स सुटलं; आता मी धाराशिवला बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. आवाज अजून कधीतरी येतो. दवाखान्यात जाते. पुढं काय होईल, डॉक्टरबाईही सांगत नाहीत. आजार उद्या होईलही. पण एक ठरलंय. मी बरी आहे, मला वर्गात बसू द्या, असं मी कुणालाही म्हणणार नाही. बरी नसले तरी बसणार आहे.