आईच्या वाट्याचा देव

मॅडमने आईचा अंबाडा सोडला. पिना एकेक काढून ओट्यावर ठेवल्या. केसांत बोटं घालून बघितलं. मग म्हणाल्या, "साडी झटक जरा."

आईने झटकली. मॅडमची हरवलेली सोन्याची बांगडी काही पडली नाही. दारात मॅडमची सून उभी होती, जिन्यात दूधवाला. मी बारावीत होते, आईला घ्यायला गेले होते. मी काय केलं? तिची पिशवी धरून उभी राहिले. बस.

छत्रीबागेतलं ते घर आमच्याच चर्चमधल्यांचं. मॅडमचे मिस्टर, त्यांना आम्ही सर म्हणायचो, चर्चच्या कमिटीचे सेक्रेटरी. चार पिढ्यांचे ख्रिस्ती. माझे आजोबा जालन्याकडून इंदूरच्या मिलमध्ये झाडू मारायला आले आणि इथेच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. येशूच्या घरी सगळे सारखे, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. आई बारा वर्षं मॅडमकडे भांडी घासत होती. रविवारी चर्चमध्ये मॅडम तिला "भगिनी" म्हणायच्या, सोमवारी घरी "ए बाई".

झडतीत काही निघालं नाही, तरी कमिटीने आईचं प्रभुभोजन, चर्चमध्ये येशूच्या नावाने वाटतात ती भाकर, बंद केलं. कबूल करेपर्यंत. चर्चच्या पायरीवर सर म्हणाले, "देखो, आमच्या मनात काही नाही. पण परमेश्वर न्यायी आहे. तो पापाला सोडत नाही."

आईने कबूल केलं नाही. भांडलीही नाही. शेवटच्या बाकावर बसायची. भाकरीचं ताट आलं की मान खाली घालायची आणि ताट तिला ओलांडून माझ्याकडे यायचं. मी माझा तुकडा घ्यायचे. सहा वर्षं घेतला. त्याची लाज अजून जात नाही.

मग तिच्या किडन्या गेल्या. तोवर मी नर्स झाले होते. शेवटच्या आठवड्यात तिने विचारलं, "देवालाही वाटत असेल का गं, मीच घेतली म्हणून?"

मला सलाईन लावता येत होतं. याचं उत्तर येत नव्हतं. मी तिचे पाय चेपत राहिले. ती गेली.

चार महिन्यांनी सरांनी जुना दिवाण विकायला काढला. बांगडी त्याच्या फळीखाली सापडली. दिवाण उचलायला आलेल्या माणसांनी बघितलं, म्हणून बात पसरली. नाहीतर मला कळलंही नसतं.

संध्याकाळी तिघं आमच्या खोलीवर आले. सर, मॅडम आणि चर्चचे पाळकसाहेब. सोबत सफरचंदं.

मॅडम म्हणाल्या, "बेटा, गलती झाली. आता विषय वाढवू नको. देव प्रीती आहे."

पाळकसाहेब म्हणाले, "क्षमा कर, तुलाच शांती मिळेल. चल, प्रार्थना करू."

तिघांनी डोळे मिटले. मी उघडे ठेवले. आईच्या वेळी देव न्यायी होता. यांच्या वेळी तो प्रीती झाला. एवढ्यात बदलला?

मी म्हटलं, "पाळकसाहेब, नुसत्या प्रीतीने भागलं असतं तर येशू वधस्तंभावर कशाला गेला?"

त्यांनी डोळे उघडले. "तो आपल्या पापांसाठी..."

"म्हणजे देवसुद्धा 'जाऊ दे' म्हणाला नाही ना? पाप ते पापच राहिलं. प्रीती होती म्हणून त्याने ते स्वतःच्या अंगावर घेतलं. यांनी काय घेतलं अंगावर?"

मग सर म्हणाले, "तुला पाहिजे काय?"

"चर्चमध्ये उभं राहून सांगा. ती चोर नव्हती."

"कमिटीची बदनामी होईल. आणि आता तिला काय फायदा?"

ते निघून गेले. सरांचं खरंच होतं. तिला काही फायदा नव्हता. मी कितीही ओरडले तरी तिच्या कानापर्यंत जाणार नव्हतं. मी फरशीवर बसून राहिले. उठून दिवाही लावला नाही.

त्या रविवारी साक्षीच्या वेळी, लोक उठून आपापला अनुभव सांगतात तेव्हा, मी उभी राहिले. सांगितलं सगळं. सर म्हणाले, "बैठ जाओ." लोक गीतांच्या पुस्तकात बघत राहिले. ज्यांनी आईला लहानपणापासून पाहिलं होतं, तेसुद्धा.

आता मी दर रविवारी उभी राहते. माईक बंद करतात. मी बोलते. क्षमा करायचा हक्क आईचा होता. तिची क्षमा मला परस्पर वाटता येत नाही, वाटणारही नाही. चर्च सोडणार नाही. ते आजोबांनीही निवडलं होतं. आई चोर नव्हती, हे खरं सरांच्या तोंडून त्याच जागी निघेपर्यंत मी उभी राहणार.