तांडेलकाकांच्या होडीवरचे पाहुणे

तांडेलकाका पाहुण्याचं नाव नंतर विचारत, आधी वजन. तेही काठावर जमलेल्या सगळ्यांच्या देखत. आकडा ऐकला की होडीकडे बघून डोळे बारीक करत आणि जागा सांगत. "तुमी डाव्या फळीवर. तुमी पुढं, पाय आडवे." दिलेली जागा परत काठाला लागेपर्यंत सोडायची नाही.

शहापूरहून मुरबाडकडे जाताना एक फाटा आत वळतो, तिथे टेकड्यांच्या मधे अडवलेला तलाव आहे. आमच्या भागात धरणं पुष्कळ, पण त्यांचं पाणी मुंबईला जायचं. पाण्यावर हौसेने फिरावं असं इथे कोणाच्या डोक्यात येत नाही. काका मूळचे खाडीकाठचे. मुंबईत एका शेठच्या शिडाच्या होडीवर त्यांनी एकतीस वर्षं काम केलं. काम सुटल्यावर ते काकींच्या माहेरी, म्हणजे या तलावाकाठच्या गावात राहायला आले आणि दोन वर्षं खपून त्यांनी स्वतःची होडी बांधली. लांबी सोळा फूट, रुंदी सव्वापाच. मी टेपने मोजली आहे. तेव्हापासून गाव त्यांना तांडेल, म्हणजे होडीचा कप्तान, म्हणू लागलं.

माझी शहापुरात भातगिरणी आहे. काका भात घेऊन आले आणि जाताना त्यांनी दहा किलोच्या दोन रिकाम्या पिशव्या मागितल्या. होडीत माणसं कमी असली की वाळू भरून ठेवायला, म्हणाले. मला हे पटेना, तेव्हा त्यांनी येत्या रविवारी या म्हणून सांगितलं. पुढची सहा वर्षं दिवाळी ते होळी माझे बरेचसे रविवार तिथेच गेले.

होडीवर भाडं नव्हतं. कोणी पैसे काढले की ते हात मागे बांधत. भाडं देणारा गिऱ्हाईक होतो, त्याला काही सांगता येत नाही, पाहुण्याला सांगता येतं, असं त्यांचं म्हणणं. आणि सांगायचे ते भरपूर. चपला काठावरच्या टोपलीत काढायच्या, पायाचा चिखल धुवायचा, लाइफ जॅकेटच्या पट्ट्या बांधायच्या. न विचारता दोराला हात लावायचा नाही. त्यांनी "डोकं" म्हटलं की कारण न विचारता वाकायचं, कारण शिडाचा वासा या बाजूचा त्या बाजूला जायचा. कधी पोचणार, हे विचारायचं नाही. आणि उतरताना कोणी रिकाम्या हाताने उतरायचं नाही. पाण्याची बाटली, दोराचं वेटोळं, काहीतरी उचलून काठावर न्यायचं.

माझे साडू एकदा फोटोसाठी भर पाण्यात उभे राहिले. काका रागावले नाहीत. त्यांनी शीड उतरवलं आणि डोंगराकडे बघत बसले. होडी जागच्या जागी डुलत राहिली. साडूंना कारण कळायला अकरा मिनिटं लागली. ते बसल्यावर काकांनी शीड पुन्हा चढवलं आणि म्हणाले, "आला बरा फोटो?"

आमच्या सौभाग्यवतींनी पहिल्या दिवशी वजन अठ्ठावन्न सांगितलं. होडी दहा हात गेली असेल, तोच काका सुकाणूवरून म्हणाले, "वैनी, पाच वाढवू का? होडी कुरकुरतेय." बायको लाल झाली, मग हसत सुटली. तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते माझ्या लक्षात राहिलं. "घरात, गावात काय सांगायचं ते सांगा. पन सुकाणूवर बसला त्याला खरं कळाय पायजे. त्याला सगळ्यांना परत आनायचंय."

त्यांचं स्वतःचं वजन सदुसष्ट. ते धरूनच बाकीच्या जागा ठरत.

गेल्याच्या गेल्या वर्षी दिवाळीनंतर त्यांनी माझ्याकडून पाच किलोची पिशवी नेली. पुढच्या रविवारी ती वाळू भरून त्यांच्या बसायच्या फळीखाली होती. पाहुण्यांकडची वाळू कायम पुढे असायची, सुकाणूपाशी कधीच नाही. संक्रांतीनंतर तिच्याशेजारी दहा किलोची आली. पोत्याकडे बघून वजन सांगणं हा माझा धंदाच आहे. सदुसष्टातून पंधरा वजा करायला मला पेन लागलं नाही. सदऱ्याच्या गळ्यातून हाडं दिसत होती. मी विचारलं नाही. यजमानाच्या होडीवर यजमानाला काय विचारायचं, असं मी स्वतःला समजावत राहिलो. शिवाय मला माहीत होतं, त्यांचा कल्याणचा मुलगा दर खेपेला दोघांना तिकडे चला म्हणत होता. तब्येतीचं कारण मिळालं असतं तर त्याने होडी त्याच दिवशी बंद केली असती.

होळीच्या आदल्या रविवारी मी एकटाच होतो. काठ सोडताना काका म्हणाले, "गिरणीवाले, आज तुमी बसा सुकाणूवर." सहा वर्षांत त्या दांड्याला कोणाचा हात लागलेला मी पाहिला नव्हता. मी बसलो. ते समोर उभे राहिले, पाहुण्यासारखे, जागा मिळायची वाट बघत.

मी विचारलं, "काका, वजन किती?"

त्यांनी फळीखालच्या पिशव्यांकडे बघितलं. मग म्हणाले, "एकावन्न."

माझा हिशोब एका किलोने चुकला होता. मी त्यांना उजव्या फळीवर बसवलं. ते बसले, पट्ट्या बांधल्या. मी "डोकं" म्हटलं तेव्हा कारण न विचारता वाकले. मला सुकाणू नीट जमत नव्हतं, होडी दोनदा भलतीकडे गेली, पण त्यांनी दिलेली जागा सोडली नाही. मधेच एवढंच म्हणाले, "काकीला नाय सांगितलं अजून." मी म्हटलं, आज सांगा.

काठाला लागलो तेव्हा काकी कपडे धूत होत्या. उतरताना काकांनी नियमाप्रमाणे काहीतरी उचलायला हात घातला आणि हाताला दहा किलोची पिशवी आली. ती त्यांना उचलेना. शेजारी बाटली होती, दोर होता, पण ते पिशवीच ओढत राहिले. मी पुढे होणार, तोच काकी गुडघाभर पाण्यात आल्या. त्यांनी पिशवी एका हाताने उचलली, फळीखालची दुसरी बघितली आणि मग काकांच्या मनगटाला धरलं.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

काका म्हणाले, "दिवाळीपासून."

त्या आठवड्यात दोघं कल्याणला गेले. काका तिथून परतले नाहीत. डॉक्टर म्हणाले होते, आधी यायला हवं होतं. त्यांच्या फळीखाली पहिली पिशवी मी पाहिली तेव्हापासून वजन विचारलं तोवर पंधरा रविवार जातात. ते पंधरा माझ्याकडे राहिले आहेत. कुठेही वळते करता येत नाहीत.

होडी आंब्याखाली उपडी ठेवली आहे. चपलांची टोपली अजून तिथेच आहे, परवा मी सवयीने तिच्यात चपला काढल्या आणि मग कुठे जायचं नाही हे लक्षात आलं.

काल गिरणीत गर्दी नव्हती. मोठ्या काट्यावर उभा राहिलो. चौऱ्याहत्तर. आकडा मोठ्याने म्हटला. कुठे बसायचं ते सांगायला कोणी नव्हतं.