धम्मदीपचा रुपया

धम्मदीप मेश्रामच्या हातात पार्ट आला की तो आधी त्यावर नाणं वाजवायचा. वर्कशॉपमध्ये तपासणीची महागडी मशिनं होती, पण हा नागपूरहून आणलेला रुपया खिशातून काढायचा आणि कार्बन फायबरवर टकटक करत कान लावायचा.

"ताई, आई माठ घेताना असंच वाजवायची. चांगला असला की खणखणते, तडा असला की भद्द."

"मग माठाचंच दुकान टाकायचं होतं," मी म्हणायची. "कॅनडात कशाला आलास?"

तो हसायचा. कोणीही थट्टा करावी असा त्याचा चेहरा होता आणि मी संधी सोडत नव्हते.

आमचं वर्कशॉप मॉन्ट्रियलजवळ, लाँग्योईला. इंग्लंडमधल्या एका लहानशा फॉर्म्युला वन संघासाठी आम्ही फ्रंट विंग बनवायचो. गाडीच्या नाकाखाली जो रुंद पंख असतो आणि वेगात गाडीला जमिनीवर दाबून धरतो, तो. संघाची शहात्तर नंबरची गाडी मार्चपासून शेपटाला होती. अठरावी, सतरावी, पुन्हा अठरावी. एकही गुण नाही. धम्मदीपने ब्रॉसार्डमधल्या आपल्या भाड्याच्या बेसमेंटमध्ये तक्ता लावला होता आणि प्रत्येक रविवारी तो त्यात गाडीची जागा लिहायचा. बायको आणि मुलगी नागपुरात व्हिसाची वाट बघत होत्या. हा इथे एकटा, गाडीची काळजी करत बसलेला.

आमचे मॅनेजर गुणवंतदादा. आंबेडकर असोसिएशनचे अध्यक्षही तेच. धम्मदीपला त्यांनीच इथे आणलं. जानेवारीत विमानतळावर घ्यायला गेले तेव्हा स्वतःचं जॅकेट काढून त्याच्या अंगावर घातलं. हे खरं आहे, मी लपवणार नाही. मलाही नोकरी त्यांनीच लावली. पार्टची कागदपत्रं मी सांभाळते. आमच्याकडे प्रत्येक पार्टबरोबर एक कार्ड फिरतं. ज्याचा हात लागेल त्याने सही करायची, शंका असेल तर तिथेच लिहायची. लिहिलं की पार्ट थांबतो. न लिहिता सही केली की पुढचं सगळं तुमच्या डोक्यावर.

मॉन्ट्रियलच्या रेससाठी नवी विंग बनवली. शुक्रवारी धम्मदीपने रुपया वाजवला आणि डाव्या खांबाच्या जोडावर, जिथे विंग नाकाला लटकते, तिथे आवाज भद्द आला. मशीनने पार्ट पास केला होता. त्याने कार्डावर काहीच लिहिलं नाही, सहीही केली नाही.

"लिही ना," मी म्हणाले.

"दादांच्या डिपार्टमेंटची चूक मी कागदावर कशी लिहू? आधी त्यांच्या कानावर घालतो."

ही खास आमची चूक. समाजातल्या मोठ्या माणसाशी आम्ही लेखी भांडत नाही. घरचं घरात मिटवायला जातो आणि मग घरच्यांनीच दार लावून घेतलं की बाहेर उभे राहतो.

रविवारी असोसिएशनच्या हॉलमध्ये बुद्धपौर्णिमेचा कार्यक्रम होता. मी खीर वाढत होते. दोघं माझ्या टेबलाशी उभे होते, हातभर अंतरावर.

"दादा, डावा जोड बरोबर नाही वाटून राहिला. एकदा रीटेस्ट करू."

"मशीन काय म्हणते?"

"पास म्हणते. पण माझा कान नाही म्हणते."

"ठीक आहे, रीटेस्ट मी करून घेतो. तू कार्डावर काही लिहू नको, वरच्यांना उगाच बोलायला जागा होते. उद्या सही करून टाक. मी आहे ना." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "राधाताई, याला खीर वाढा जरा. वाळून राहिला बिचारा."

मी वाढली. सोमवारी त्याने सही केली. रीटेस्ट झाली नाही, पार्ट बुधवारीच गेला.

रेसला मी आणि धम्मदीप मेट्रोने, ट्रॅक आहे त्या नदीतल्या बेटावर गेलो. त्या दिवशी पुढच्या गाड्या एकमेकींवर आदळल्या आणि आमची गाडी चक्क सातव्या जागेवर धावू लागली. धम्मदीप उभा राहून ओरडत होता. बावन्नाव्या फेरीत लांब सरळ रस्त्याच्या टोकाला ब्रेक लागला, डावा खांब सुटला, विंग चाकांखाली गेली आणि गाडी थेट भिंतीवर. ड्रायव्हर आपल्या पायांनी बाहेर आला म्हणून बरं. धम्मदीप खाली बसला. "मी सही केली होती," एवढंच तो म्हणाला.

चौकशीत गुणवंतदादा त्याच्याकडे न बघता इंग्लिशमध्ये म्हणाले, "मला कोणी काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी पार्ट सोडला असता का?" केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. ज्या हातांनी जॅकेट घातलं त्याच हातांनी कापला.

धम्मदीप म्हणाला, "राधाताई होत्या तिथे."

मला बोलावलं. माझ्या पीआरच्या, म्हणजे इथे कायम राहण्याच्या परवान्याच्या अर्जासाठी कंपनीचं पत्र लागणार होतं आणि त्यावर दादांची सही व्हायची होती. सकाळीच ते म्हणाले होते, "ताई, तुमचं लेटर आज करून टाकतो." मी आत गेले आणि म्हणाले, "आय वॉज सर्व्हिंग फूड. इट वॉज व्हेरी नॉइझी. आय डिडन्ट हिअर एनिथिंग."

धम्मदीपची नोकरी गेली. असोसिएशनच्या ग्रुपवर त्याच्या 'जय भीम'ला उत्तर यायचं बंद झालं. नोकरी नाही म्हणून बायको-मुलीचा व्हिसाही अडकला. तो टोरंटोजवळ मिसिसागाला गेला, विमानतळाजवळच्या वेअरहाऊसमध्ये खोकी स्कॅन करायला. माझं लेटर वेळेत आलं.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी त्याचा फोन आला.

"ताई, बघितलं का? आठवी आली! चार गुण! सीझनचे पहिले!" तक्ता तो बरोबर घेऊन गेला होता. "नवीन विंग कोणी वाजवून पाहते का?"

"नाही रे. आता कोण वाजवणार?"

"ताई, एक सांगायचं राहिलं होतं. दादा खोटं बोलले त्याचं लय वाईट वाटते. पण तुम्ही मनाला लावून घेऊ नका. हॉलमध्ये किती गलका होता त्या दिवशी, तुम्हाला कसं ऐकू येणार? तुम्ही तरी खरं तेच सांगितलं."

मला लाज वाटली. आता तरी सांगायचं होतं. दादांवर मी इतके दिवस दात खात होते, त्यांच्याच शेजारी मी उभी होते हे त्याला सांगायचं होतं.

"हो रे," मी म्हणाले, "गलका फार होता."