सोळा हजार फुटांवरचं वालाचं कालवण

मी तेव्हा नायब सुभेदार होतो. पोस्ट सोळा हजार फुटांवर. नाव लिहीत नाही. माझ्या हाताखाली चौदा जवान. आमच्यापुढे दीड किलोमीटरवर एका कड्यावर छोटी चौकी होती. तिथे पाच जण पाळीने राहत.

आमचा कुक नाईक बाळकृष्ण शिगवण. बाळू. माझ्याच गावचा, तळ्याजवळचा. गावात मला दादा म्हणायचा, पोस्टवर साहेब.

उंचीवर भूक मरते. टिनमधल्या मटणाचा वास आला की माणसं बंकरबाहेर पळत. तूप घशाला चिकटे. दुधाच्या पावडरीने पोटं बिघडत. आठवडाभर ताटं भरलेलीच परत आली, तेव्हा बाळूने तिन्ही बंद केली. आईने बांधून दिलेले कडवे वाल बाहेर काढले. भिजवून फडक्यात बांधले आणि मोड यावेत म्हणून दोन रात्री स्वतःच्या स्लीपिंग बॅगेत, पोटाशी घेऊन झोपला. मग एकेक वाल सोलला. त्यात बटाटे, कांदे, सुकवलेली गाजरं, लसूण आणि सुक्या खोबऱ्याचं वाटण, चार आमसुलं. सगळं कुकरमध्ये, कारण तिथे पाणी लवकर उकळतं आणि शिजत काहीच नाही. त्या दिवशी ताटं रिकामी परत आली. सिग्नलचा पंजाबी जवान दोनदा मागून जेवला.

जेवण आणि बर्फ वितळवून पाणी, दोन्ही स्टोव्हवरच. त्याचे बर्नर काजळीने बुजत. जादा एकही नव्हता. मी डिसेंबरात मागणी पाठवली. फॉर्म जुना आहे म्हणून परत आली. जानेवारीत पुन्हा पाठवली. एक सही कमी म्हणून परत आली. सही करणारा रजेवर होता. हे मी आज सरळ ओळीत लिहितोय. पण अजून दात आवळले जातात.

फेब्रुवारीत तीन दिवस बर्फ पडला. चौथ्या दिवशी ०८१० ला पुढच्या चौकीचा रेडिओ आला.

"स्टोव्ह बंद. कालपासून पाणी नाही, गरम जेवण नाही. एक जण उठत नाही. ओव्हर."

"किती वेळ काढाल? ओव्हर."

नुसती खरखर. मग, "आजचा दिवस. ओव्हर."

मी बेसला कळवलं. बेसचं उत्तर आलं, "हवा सुधारेपर्यंत थांबा. बर्नरची मागणी नव्याने पाठवा."

मी हँडसेट आपटला आणि न थांबता चौघांचं पेट्रोल, म्हणजे गस्तीची तुकडी, पाठवायचं ठरवलं. मागे बाळू उभा होता.

"साहेब, आपल्या दुसऱ्या स्टोव्हचा बर्नर काढलाय मी. बसवायला मलाच जायला लागंल."

"तू कुक आहेस. पेट्रोलमध्ये तुझं नाव नाही."

"मग नाव घाला."

मी घातलं.

०९३० ला चौघे एका दोरावर निघाले. एकाच्या पाठीवर गरम कालवणाचा डबा. १११५ ला रेडिओवर आलं, "दोनशे मीटर राहिले." ११२२ ला वरचा बर्फ सुटला. तो आवाज मी पोस्टवर ऐकला. दोर तुटला. तिघे वाचले. चार जण घेऊन मी निघालो. पोचल्यावर फावड्यांनी, मग हातांनी खणलं. १३५० ला बाळू सापडला. चार फूट खाली. बर्नर आतल्या खिशात, रुमालात गुंडाळलेला.

मी तो आणि वाचलेला कालवणाचा डबा एका शिपायाच्या हातात दिला आणि म्हणालो, "पुढे जा."

१५१० ला चौकीवर स्टोव्ह पेटला. त्या शिपायाने आयुष्यात कधी बर्नर हातात धरला नव्हता. दहा मिनिटांत बसवला. म्हणजे बाळूने जायची गरज नव्हती. त्याला ते ठाऊक असणार. मीच विचारायला हवं होतं. विचारलं नाही.

पाचही जण कालवण जेवले. पाचही आज जिवंत आहेत.

रिटायर होऊन मी गावी आलो. दरवर्षी त्या तारखेला मी घरी तेच कालवण करतो. इथे सुरण, लाल भोपळा, शेवग्याच्या शेंगा, ओला नारळ, सगळं हाताशी असतं. तरी मटण नाही, तूप नाही, दूध नाही. बाळूची आई, सुलोचनाकाकी, उंबऱ्यावर बसून लक्ष ठेवते. "भोपळा शेवटाला घाल. न्हायतर लगदा होईल," हे दरवर्षी सांगते.

यंदा कालवणाला उकळी आली असताना उपसरपंच अनंता आला. शाळेच्या फाटकावर गावातल्या हुतात्मा जवानांची पाटी लागणार होती.

"दादा, बाळूचं नाव घेतलंय," तो म्हणाला. "फक्त 'कुक' काढून नुसतं 'जवान' केलंय. बरं दिसत न्हाय ना. लोक म्हणतील, चुलीपुढचा कसला हुतात्मा?"

माझ्या हातात गरम पळी होती. तिनेच मी ताट वाढलं.

"बस. जेव."

तो जेवत असताना मी ०८१० पासून १५१० पर्यंत सगळं सांगितलं. वेळांसकट. आवाज चढला होता. शेजारी दारात आले. अनंताचा घास हातातच राहिला.

"मला ठाव नव्हतं, दादा."

"ठाऊक नव्हतं तर विचारायचं होतंस. खोडायचं कशाला?"

सुलोचनाकाकी उंबऱ्यावरून म्हणाली, "माझ्या लेकानं रांधलं, अनंता. चोरी न्हाय केली."

पाटी रंगवायच्या दिवशी मी सकाळी आठला फाटकाशी जाऊन उभा राहिलो. रंगाऱ्याने 'कुक' बारीक अक्षरात कोपऱ्यात काढला होता. मी पुसायला लावला. बाकीच्या अक्षरांएवढा काढून घेतला आणि रंग वाळेपर्यंत तिथून हललो नाही.

नाईक बाळकृष्ण शिगवण, कुक. तो गेला तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. पाटीवर वय लिहीत नाहीत, म्हणून इथे लिहिलं.